साखर नॉर्मल, तरी तहान थांबत नाही: डायबिटीस इन्सिपिडसच्या नव्या रुग्णांसाठी

रात्रीतून तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं, उशाशी भरून ठेवलेली बाटली पहाटेच्या आत रिकामी होते, आणि लघवी इतकी फिकट की पाणीच वाटावं. ही तक्रार घेऊन गेलं की पहिली तपासणी साखरेची होते, आणि ते बरोबरच आहे. पण साखर नॉर्मल निघाली की बऱ्याचदा विषय तिथेच मिटतो. "पाणी जरा कमी पीत जा" एवढा सल्ला घेऊन माणूस घरी येतो. ज्यांची तहान त्यानंतरही थांबलेली नाही आणि ज्यांच्या कागदावर आता "डायबिटीस इन्सिपिडस" असं काहीतरी लिहून आलंय, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या, पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. औषध सुरू होण्याआधी या आजारातला धोका शरीरात पाणी कमी पडण्याचा असतो. औषध सुरू झालं की तोच धोका उलटा फिरतो आणि पाणी जास्त होण्याची भीती असते. दोन्ही वेळी खरी परिस्थिती रक्तातल्या सोडियमच्या आकड्यात दिसते. १३५ ते १४५ हा त्याचा नेहमीचा पट्टा. आत्तापर्यंत तुम्ही साखरेचे आकडे पाठ केले असतील, आता हा करा.

पायरी १: बिघाड कुठे आहे ते समजून घ्या

आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात शोषला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडतो. अगदी शेवटच्या टप्प्यावर किती पाणी राखायचं आणि किती सोडायचं, हे व्हॅसोप्रेसिन नावाचं हॉर्मोन ठरवतं. ते मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं आणि पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात साठवलं जातं. रक्त थोडं जरी दाट झालं तरी ते सुटतं, किडनीच्या नलिकांपर्यंत पोचतं आणि तिथल्या पेशींवरची पाण्याची सूक्ष्म दारं उघडायला लावतं. या दारांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. पाण्याच्या या वाटा शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हॉर्मोनच नसेल, किंवा हॉर्मोन असून किडनी त्याला दाद देत नसेल, तर ही दारं बंदच राहतात आणि पाणी थेट मूत्राशयात उतरतं. मग दिवसाला पाच, दहा, क्वचित त्याहूनही जास्त लिटर लघवी होते. तळाला भोक पडलेला माठ भरलेला ठेवायचा तर वरून सतत ओतत राहावं लागतं, तशी ही तहान असते. म्हणजे तुम्ही फार पाणी पिता म्हणून लघवी होते असं नाही. लघवी होते म्हणून प्यावं लागतं. घरातल्या मंडळींना एवढं पटलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

बिघाड कुठे आहे त्यावरून प्रकार पडतात. हॉर्मोन कमी पडत असेल तर तो मेंदूकडचा, म्हणजे सेंट्रल प्रकार. किडनी ऐकत नसेल तर नेफ्रोजेनिक. गरोदरपणात वार (प्लॅसेंटा) एक विकर (एन्झाइम) तयार करते, ते व्हॅसोप्रेसिनचे तुकडे करतं, त्यातून तिसरा प्रकार उद्भवतो. चौथ्यात हॉर्मोन आणि किडनी दोन्ही ठणठणीत असतात, पण तहानेची यंत्रणा किंवा पिण्याची सवयच बिघडलेली असते; याला प्रायमरी पॉलिडिप्सिया म्हणतात. चौघांची लक्षणं वरून सारखी दिसतात, उपचार मात्र एकमेकांच्या विरुद्ध जाऊ शकतात. तपासण्यांचा खटाटोप करायचा तो यासाठी.

रिपोर्टवर वेगळंच नाव दिसलं तर गोंधळू नका. २०२२ मध्ये हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून नावं बदलायचं ठरवलं. सेंट्रल प्रकाराला आता "एव्हीपी डेफिशिअन्सी" आणि नेफ्रोजेनिकला "एव्हीपी रेझिस्टन्स" म्हणतात. एव्हीपी म्हणजे तेच व्हॅसोप्रेसिन. "डायबिटीस" हा शब्द वाचून रुग्णालयातल्या लोकांनी अशा रुग्णांना साखरेचे रुग्ण समजावं, त्यांचं खरं औषध द्यायचं राहून जावं आणि त्यात जीवही जावेत, असं घडलेलं आहे. नाव बदलण्यामागचं मोठं कारण तेच. जुनं नाव अजून सर्रास चालतं, म्हणून दोन्ही माहीत हवीत.

पायरी २: डॉक्टरांकडे जाण्याआधी मोजा

"खूप लघवी होते" या वाक्याचा डॉक्टरांना फारसा उपयोग नाही. कुणी दिवसात पंधरा वेळा जातो आणि प्रत्येक वेळी अर्धा पेला. तिथे मूत्राशय, प्रोस्टेट किंवा जंतुसंसर्गाकडे पाहायला हवं. कुणी तितक्याच वेळा जातो आणि प्रत्येक वेळी मोठं भांडं भरतं. ही वेगळी गोष्ट. फरक आकड्यानेच कळतो.

एक मोजपात्र घ्या आणि झाकणाचा मोठा कॅन. दिवस असा निवडा की घरीच राहता येईल. सकाळची पहिली लघवी संडासात जाऊ द्या आणि वेळ लिहून ठेवा. त्यानंतरची प्रत्येक लघवी मोजून कॅनमध्ये साठवा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची पहिली लघवी धरून थांबा. बहुतेक गफलत याच दोन टोकांना होते: पहिली धरायची नाही, शेवटची धरायची. शेजारच्या रकान्यात काय प्यायलात, किती आणि कधी, तेही लिहा. चहा, ताक, सूप, सरबत सगळं धरून. रात्री झोपल्यावर किती वेळा उठलात ते वेगळं नोंदवा.

प्रौढ माणसाची लघवी चोवीस तासांत ३ लिटरच्या वर, किंवा वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिलिटरच्या वर गेली तर ती खरोखर जास्त समजतात. ६० किलोच्या माणसासाठी दोन्ही हिशेब ३ लिटरवरच येतात. अडीच लिटर भरली तर आधी पिण्याच्या सवयीकडे बघा, लगेच एमआरआयच्या मागे लागू नका.

वहीत आणखी दोन खुणा टिपून ठेवा. एक म्हणजे सुरुवात. सेंट्रल प्रकार पुष्कळदा अचानक सुरू होतो, इतका की माणूस तो आठवडा बोट ठेवून दाखवतो, आणि साध्या पाण्याऐवजी बर्फासारखं गार पाणीच हवंसं वाटतं. दुसरी म्हणजे रात्र. सवयीने जास्त पिणारा माणूस बहुधा रात्री शांत झोपतो. हॉर्मोनच्या बिघाडात रात्रीही सुटका नसते. या खुणांवरून निदान होत नाही, पण डॉक्टरांचा विचार योग्य दिशेने सुरू होतो.

आणि हे मोजताना पाणी तोडू नका. "बघू या, न पिता किती वेळ राहता येतं" हा प्रयोग घरी करायचा नाही, अजिबात नाही. या आजारात पाणी थांबलं तरी लघवी थांबत नाही. काही तासांत सोडियम चढतं, ग्लानी येते, आणि ग्लानीतल्या माणसाला पाणी मागायचं सुचत नाही.

पायरी ३: साध्या तपासण्या आधी

रक्तातली साखर, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम. सोबत रक्ताची आणि लघवीची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेले पदार्थ किती दाट आहेत याचं माप. ती शक्यतो एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यांवर करावी, कारण एकाचा अर्थ दुसऱ्याशेजारी ठेवूनच लागतो.

कॅल्शियम आणि पोटॅशियम कशाला, असं विचारलं जातं. कॅल्शियम वाढलं किंवा पोटॅशियम घटलं की किडनी व्हॅसोप्रेसिनला नीट प्रतिसाद देत नाही, आणि ते पूर्ववत झालं की बऱ्याचदा लघवीही आटोक्यात येते. पुढच्या सगळ्या महागड्या तपासण्या वाचू शकतात.

रक्ताची ऑस्मोलॅलिटी साधारण २७५ ते २९५ मिलिऑस्मोल असते. रक्त दाट व्हायला लागलं असताना लघवी मात्र ३०० च्या खाली, म्हणजे पातळच, हे या आजाराचं मुख्य लक्षण. पण मुबलक पाणी मिळणाऱ्या माणसाचं सोडियम पुष्कळदा अगदी नॉर्मल येतं, कारण तहान आपलं काम चोख करत असते. तेव्हा सोडियम नॉर्मल आहे म्हणून आजार नाही, असं कुणी म्हणालं तर तेवढ्यावर थांबू नका. उलट सोडियम पट्ट्याच्या खालच्या टोकाला रेंगाळत असेल तर जास्त पिण्याच्या सवयीचा संशय घेतात.

याच भेटीत चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी द्या. लघवीच्या गोळ्या आणि साखरेसाठीची काही नवी औषधं लघवी वाढवतात. लिथियम तर खासच: मानसिक आजारासाठी ते दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये किडनीचा प्रतिसाद मंदावणं सर्रास दिसतं. पण ते आपल्या मनाने बंद करायचं नाही. तो निर्णय मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच.

इथपर्यंत फॅमिली डॉक्टर पुरेसे असतात. यापुढे एंडोक्रिनोलॉजिस्ट, म्हणजे हॉर्मोनतज्ज्ञ गाठा.

पायरी ४: पाणी थांबवून करायची चाचणी, कोपेप्टिन आणि एमआरआय

पाणी थांबवण्याची चाचणी ऐकूनच धडकी भरते, आणि खरं सांगायचं तर ती सुखाची नसतेच. रुग्णालयात, नजरेखाली, काही तास पाणी देत नाहीत. ठराविक वेळाने वजन, लघवीचं प्रमाण आणि दाटपणा, सोडियम हे सगळं तपासतात. वजन ३ ते ५ टक्के घटलं किंवा सोडियम वर गेलं की चाचणी थांबवतात. मग डेस्मोप्रेसिन, म्हणजे व्हॅसोप्रेसिनचं कृत्रिम भावंड, देऊन बघतात. लघवीचा दाटपणा ५० टक्क्यांहून जास्त वाढला तर हॉर्मोनचीच पूर्ण कमतरता होती. जेमतेम हलला, १० टक्क्यांच्याही आत राहिला, तर किडनी दाद देत नाही. अधलेमधले निकालही येतात, आणि तिथे अनुभवी डॉक्टरही अडतात.

म्हणूनच कोपेप्टिनच्या रक्ततपासणीकडे कल वाढतोय. व्हॅसोप्रेसिन रक्तात टिकत नाही, मोजायला अवघड. ज्या मोठ्या रेणूतून ते सुटतं त्यातूनच कोपेप्टिनही सुटतं, आणि ते टिकाऊ असतं. म्हणून ते मोजून व्हॅसोप्रेसिनचा अंदाज बांधतात. काहीही न करता घेतलेल्या नमुन्यात ते २१.४ च्या वर असेल तर नेफ्रोजेनिक प्रकार जवळपास पक्का. त्याहून कमी असेल तर ३ टक्के मिठाचं सलाईन देऊन सोडियम देखरेखीखाली वाढवतात आणि कोपेप्टिन पुन्हा मोजतात. तरीही ते ४.९ च्या वर गेलं नाही तर हॉर्मोनची कमतरता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या पद्धतीने ९६.५ टक्के निदानं बरोबर आली, जुन्या पाणी थांबवण्याच्या चाचणीने ७६.६ टक्के. फरक लहान नाही. पण सोय सगळीकडे नसते, आणि सलाईनच्या चाचणीत डोकेदुखी, मळमळ, भयंकर तहान सोसावी लागते. दोन्ही शक्य असतील तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

चाचणीच्या आदल्या दिवशी विचारायचा महत्त्वाचा प्रश्न: "चाचणी संपल्यावर मी किती पाणी प्यायचं?" डेस्मोप्रेसिन दिल्यावर दिवसभराची तहान एकदम भागवली तर सोडियम धोकादायक पातळीला घसरू शकतं. विशेषतः ज्यांचा आजार सवयीचा निघतो त्यांचं.

सेंट्रल प्रकार ठरला की पिट्युटरीचा एमआरआय होतोच. ग्रंथीच्या मागच्या भागात एरवी दिसणारा चमकदार ठिपका बहुतेकांमध्ये गायब असतो. पण डॉक्टर खरं शोधत असतात कारण: गाठ, सूज, ग्रंथीचा जाड झालेला देठ. पिट्युटरीची शस्त्रक्रिया, डोक्याला मार, क्रॅनिओफॅरिंजिओमा किंवा जर्मिनोमासारख्या गाठी, मेंदूच्या आवरणाचा क्षय, सार्कॉइडोसिस, शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथीवर केलेला हल्ला, क्वचित आनुवंशिक दोष, अशी यादी लांब आहे. बऱ्याच जणांत सगळं तपासूनही कारण सापडत नाही. सोबत पिट्युटरीची बाकीची हॉर्मोन्सही, विशेषतः कॉर्टिसॉल आणि थायरॉइड, तपासून घ्यायला सांगा. कॉर्टिसॉल कमी असेल तर हा आजार झाकला जातो आणि त्याचं औषध, म्हणजे स्टिरॉइडची गोळी, सुरू केल्यावर एकदम लघवी वाढते. ती स्टिरॉइडची रिअ‍ॅक्शन समजून गोळी सोडणारे लोक असतात. सोडू नका.

पायरी ५: डेस्मोप्रेसिन घ्यायला शिका

व्हॅसोप्रेसिन म्हणजे फक्त ९ अमिनो आम्लांचा छोटा रेणू. व्हिन्सेंट ड्यू व्हिन्यो यांनी तो प्रयोगशाळेत बनवला. त्यांना १९५५ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचाही वाटा होता. त्यात थोडे बदल करून डेस्मोप्रेसिन तयार झालं. ते जास्त वेळ टिकतं आणि मूळ हॉर्मोनसारखा रक्तदाब वाढवत नाही. सेंट्रल प्रकारात हेच मुख्य औषध, आणि नीट बसलं तर आयुष्य पालटतं. पहिल्यांदा सलग रात्रभर झोप लागते तेव्हा माणसाला कळतं, आपण किती दमलेलो होतो.

ते गोळी, जिभेखाली विरघळणारी गोळी, नाकाचा फवारा आणि इंजेक्शन अशा रूपांत मिळतं. एका रूपावरून दुसऱ्यावर जाताना आकडे तसेच उचलायचे नाहीत. गिळलेल्या गोळीचा शंभरातला एक भागही रक्तात पोचत नाही, म्हणून गोळीचा डोस १००-२०० मायक्रोग्रॅम असतो, तर फवाऱ्यातून एका वेळी १० मायक्रोग्रॅम येतात. फवारा घेताना मोठ्या अक्षरातल्या नावावर न जाता ताकद वाचा. रक्तस्रावाच्या आजारांसाठी याच औषधाचा १५ पट तीव्र फवारा असतो. तो चुकून नाकात गेला तर पंचाईत नाही, आणीबाणी आहे.

गोळी जेवणासोबत घेतली तर शोषण आणखी कमी होतं. रोज जेवणाआधी किंवा रोज जेवणानंतर बऱ्याच अंतराने, जे ठरवाल ते रोज तसंच ठेवा. फवारा वापरणाऱ्यांनी सर्दीत नाक चोंदलं की औषध कमी लागू पडेल हे गृहीत धरावं, आणि अशा दिवसांसाठी जिभेखालच्या गोळ्यांची सोय आधीच विचारून ठेवावी. फवारा किंवा थेंब कोणत्या तापमानात ठेवायचे ते उत्पादनागणिक बदलतं. डब्यावर लिहिलेलं असतं.

असर तासाभरात सुरू होतो आणि साधारण ६ ते १२ तास राहतो. माणसामाणसात फरक मोठा. कुणाला रात्रीचा एक डोस पुरतो, कुणाला दिवसातून तीन लागतात. डॉक्टर बहुधा झोपण्यापूर्वीच्या लहान डोसने सुरुवात करतात आणि हळूहळू वाढवतात. सुरुवातीच्या दिवसांत वहीत डोसची वेळ, लघवी पुन्हा फिकट आणि भरभरून सुरू झाली ती वेळ, आणि सकाळचं वजन एवढं लिहा. सकाळी, लघवीनंतर, त्याच काट्यावर. एका रात्रीत वजन किलोभर वाढलं म्हणजे जवळपास लिटरभर पाणी आत अडकलं, इतका हिशेब सरळ आहे.

इथे धोका उलटतो. औषधाने किडनीची दारं उघडली, पाणी राखलं जाऊ लागलं, पण हाताला बाटलीची सवय तशीच आहे. गोळी घेतल्यावरही जुन्या हिशेबाने पाणी पीत राहिलात तर ते बाहेर पडायला वाटच नाही, रक्त पातळ होतं आणि सोडियम उतरतं. नवे रुग्ण यातच सर्वाधिक अडकतात. नियम एकच: तहान लागली तरच, आणि भागेल इतकंच. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला आता तुमच्यासाठी नाही.

डोकं जड, मळमळ, सुस्ती, चेहरा सुजल्यासारखा, बोलताना गोंधळ, या सोडियम उतरत असल्याच्या खुणा. हलक्या असतील तर तहानेशिवाय पिऊ नका आणि पुढच्या डोसआधी डॉक्टरांना फोन करून सोडियम तपासा. गुंगी, बरळणं किंवा झटके आले तर थेट रुग्णालय.

यावर एक सोपी युक्ती तज्ज्ञ शिकवतात: आठवड्यातून एक-दोनदा डोस थोडा लांबवायचा, लघवी मोकळी होऊ द्यायची, साठलेलं जादा पाणी निघून गेलं की मग डोस घ्यायचा. तुमच्या बाबतीत कोणत्या दिवशी आणि किती वेळ, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं आणि कार्बामाझेपिन सोडियम आणखी उतरवू शकतात. दुकानातून काहीही घेण्याआधी विचारा.

पायरी ६: किडनी ऐकत नसेल तर

नेफ्रोजेनिक प्रकारात डेस्मोप्रेसिनचा नेहमीचा डोस देऊन उपयोग नसतो, कारण उणीव हॉर्मोनची नाही, प्रतिसादाची असते. कारण दुरुस्त होण्यासारखं असेल, म्हणजे कॅल्शियम, पोटॅशियम किंवा औषध, तर आधी ते. जन्मजात असेल तर दहातल्या नऊ कुटुंबांत दोष एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात असतो, म्हणून त्रास मुख्यतः मुलग्यांना होतो.

उपचाराचा पाया आहारात आहे, आणि त्यामागचं गणित समजलं तर पाळणं सोपं जातं. रोज शरीरातून मीठ आणि प्रथिनांचा कचरा ठराविक प्रमाणात बाहेर टाकावाच लागतो. समजा तो ८०० मिलिऑस्मोल आहे आणि तुमची किडनी लघवी १०० पेक्षा दाट करू शकत नाही. तर ८ लिटर लघवी अटळ. खाण्यातलं मीठ कमी करून तो भार ६०० वर आणला तर तीच लघवी ६ लिटर. गोळीशिवाय २ लिटर वाचले! प्रथिनं मात्र स्वतःहून तोडायची नाहीत, वाढत्या मुलांची तर नाहीतच. ते आहारतज्ज्ञाचं काम.

औषधांमध्ये थायझाइड ही चक्क लघवी वाढवणारी गोळी देतात. उलटं वाटतं. पण तिने शरीरातलं मीठ-पाणी किंचित कमी होतं, मग किडनी सुरुवातीच्या नलिकांमध्येच जास्त पाणी शोषून घेते आणि शेवटी कमी उरतं. खाण्यात मीठ जास्त राहिलं तर हा डाव फसतो. लिथियममुळे झालेल्या बिघाडात अ‍ॅमिलोराइड उपयोगी पडतं, कारण लिथियम ज्या वाटेने पेशीत शिरतं तीच ते अडवतं. इंडोमेथॅसिनही वापरतात, पोट आणि किडनीवर लक्ष ठेवून. इतकं करूनही लघवी पूर्ण नॉर्मल होत नाही, कमी होते. पाणी कायम हाताशी हवंच.

गरोदरपण आणि सवयीची तहान

गरोदरपणातला प्रकार बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत दिसतो. वारेतलं विकर डेस्मोप्रेसिन मोडू शकत नाही, म्हणून ते इथे चालतं, आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत आजार सहसा आपोआप जातो. सवयीच्या तहानेत डेस्मोप्रेसिन देणं धोक्याचं. तिथे पिण्याचं प्रमाण हळूहळू उतरवणं, तोंड कोरडं पाडणारी औषधं शोधणं आणि गरज असेल तर मानसोपचार, हा रस्ता.

पायरी ७: आजारपण, उपाशी राहणं आणि रुग्णालय

माझ्या मते खरी तयारी लागते ती इथे. रोजचं जमून जातं. माणूस अडतो तो स्वतःचं पाणी स्वतः घेता येत नाही तेव्हा.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा आणि मोबाइलच्या आपत्कालीन माहितीत तेच लिहा: "मला व्हॅसोप्रेसिनची कमतरता आहे. हा साखरेचा आजार नाही. डेस्मोप्रेसिन चुकवू नये. पाणी बंद ठेवू नये. सोडियम तपासावे." नेफ्रोजेनिक प्रकार असेल तर "कमतरता" ऐवजी "किडनी व्हॅसोप्रेसिनला दाद देत नाही" असं लिहा, आणि औषधाच्या जागी, की सलाईन निवडताना सोडियम बघावं; साधं मिठाचं सलाईन अशा रुग्णात सोडियम आणखी चढवू शकतं आणि बहुधा ५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, लागतं.

शस्त्रक्रियेआधी उपाशी राहायला सांगतात तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजार स्वतः सांगा, केवळ फाइलमध्ये आहे यावर विसंबू नका. यादीत पहिला नंबर मागा, उपाशी असताना शिरेतून पाणी चालू ठेवायचं का ते विचारा, डोस कधी आणि कोणत्या रूपात मिळणार ते लिहून घ्या. वॉर्डात भरती असताना औषधाचा एक साठा स्वतःजवळ असू द्या. सोबत थांबणाऱ्याला किती वाजता डोस आहे ते पाठ हवं, आणि तो चुकला तर आवाज चढवायची त्याची तयारी हवी. संकोच करू नये.

उलट्या होत असतील तर गिळलेली गोळी टिकत नाही आणि पाणीही पोटात राहत नाही. अशा वेळी घरी वाट बघण्यात अर्थ नाही. इंजेक्शन आणि शिरेतून पाणी लागू शकतं.

पिट्युटरीच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्यांसाठी वेगळी सूचना. पहिल्या काही दिवसांत लघवी वाढते, मग साधारण आठवड्याच्या आसपास ती अचानक कमी होऊन सोडियम उतरू शकतं, आणि त्यानंतर कधी आजार कायमचा परततो. मधल्या टप्प्याला "बरं वाटतंय" समजून डेस्मोप्रेसिन तसंच चालू ठेवलं तर घात होतो. त्या काळात सोडियमच्या तपासण्या चुकवू नका.

लहान मुलं, आणि ज्यांना तहानच लागत नाही

बाळ पाणी मागू शकत नाही. कारण न सापडणारा ताप, उलट्या, बद्धकोष्ठता, चिडचिड, वजन न वाढणं आणि सतत चिंब लंगोट, असं एकत्र दिसलं तर सोडियम तपासायला सांगा. मोठ्या मुलात अंथरूण ओलं होणं बंद झालेलं असताना पुन्हा सुरू होतं, आणि पाण्यानेच पोट भरल्यामुळे जेवण घटतं. शाळेला लेखी कळवा की वर्गात बाटली आणि विचारल्याबरोबर बाहेर जाण्याची परवानगी ही या मुलाची वैद्यकीय गरज आहे. लघवी दाबून धरायची सवय लागू देऊ नका; एवढ्या प्रमाणात ती साठत राहिली तर मूत्राशय आणि मूत्रवाहिन्या ताणल्या जाऊन किडनी फुगू शकते.

काही थोड्या रुग्णांमध्ये, हायपोथॅलॅमसला इजा झाल्यामुळे, तहानच हरवते. वर सांगितलेला "तहान लागेल तेवढंच प्या" हा नियम त्यांना लागू नाही. त्यांनी रोज ठरलेलं पाणी ठरलेल्या वेळी प्यायचं, रोज वजन करायचं, आणि वजन लक्ष्यापेक्षा कमी-जास्त झालं तर पाणी किती बदलायचं याचा लेखी तक्ता डॉक्टरांकडून घ्यायचा. सोडियमही वरचेवर तपासावं लागतं. हे एकट्याने जमत नाही, घरातल्या एकाने जबाबदारी घ्यावी लागते.

पुढच्या भेटी

औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर काही दिवसांत सोडियम बघतात, घडी बसली की अंतर वाढतं. प्रवासात औषध दोन ठिकाणी विभागून, दोन्ही हातातल्या सामानात ठेवा. दारूने उरलंसुरलं व्हॅसोप्रेसिनही दबतं आणि डोसचा अंदाज चुकतो.

कारण न सापडलेल्या सेंट्रल रुग्णांनी, त्यातही ग्रंथीचा देठ जाड दिसलेल्यांनी, एमआरआय एकदा स्वच्छ आला म्हणून फाइल मिटू नये. लहान गाठ पहिल्या चित्रात दिसत नाही आणि पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी उघड होते, असं विशेषतः मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये होतं. पुढचा एमआरआय कधी, हे विचारून तारीख त्याच भेटीत लिहून घ्या.